अर्ध्या गुणाचा हिशेब

सांगली

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

स्कोअरशीटचा फोटो मिळाला. खाली तू खरडलंयस, "जिंकलेला डाव घालवला." पट मांडून डाव पाहिला. ५८ व्या चालीला घालवण्यासारखं काही उरलंच नव्हतं गं!

चुकलं ते ३१ व्या चालीला. एक प्यादं जास्त होतं, आणि तू वजिराच्या बाजूची प्यादी भराभर मारामारीत संपवलीस. वरचढ असताना मोहरी कापावीत, प्यादी राखावीत. हत्तींच्या अंतिम डावात उरलेली प्यादी एकाच बाजूला असली, की एका जादा प्याद्यावर बहुधा भागत नाही.

पुढचं श्रेय तुझ्यासमोर खेळलेल्या त्या आजोबांचं. तुझा राजा डी५ वर, प्यादं ई५ वर, त्यांचा राजा ई८ वर. त्यांनी हत्ती सहाव्या ओळीत आणला आणि नुसता इकडून तिकडे सरकवत बसले. तुला वाटलं, यांना काही सुचत नाहीये. अगं, तोच बचाव! हत्ती त्या ओळीत आहे तोवर तुझ्या राजाला तिथे पाऊल टाकता येत नाही. कंटाळून तू प्यादं ई६ वर ढकललंस आणि लगेच त्यांचा हत्ती थेट बी१ वर गेला. शहापासून लपायला ई६ हीच जागा होती. तिथे तुझंच प्यादं जाऊन बसलेलं. मग मागून शहावर शह. फिलिदोरने १७७७ साली हा बचाव पुस्तकात दिलाय. (हा फ्रेंच गृहस्थ ऑपेरांना संगीतही द्यायचा.) आजोबांना तो पाठ होता, तुला नव्हता. रेटिंगचा इथे काही संबंध नाही.

बरोबरी म्हणजे रविवार फुकट, असं तुझे बाबा म्हणाले म्हणे. त्यांना सांग, नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ चा महिला विश्वचषक जिंकला, त्या अंतिम फेरीत हंपीविरुद्धचे दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीतच सुटले होते. निकाल लागला तो नंतरच्या जलद डावांत.

एक मात्र खटकलं. चाल न करताच तू 'ड्रॉ?' विचारलंस. आधी पटावर चाल, मग प्रस्ताव, मग घड्याळ. आणि कागदावर बरोबरचं चिन्ह.

आता ती स्थिती मांड. काळी तू घे, पांढरी दादाला दे, हत्ती बी६ वर ठेव. दादा जिंकतो का बघ. आणि २४ वी चाल पुन्हा लिहून पाठव. घोडा डीवर गेला की एफवर, तुझ्या अक्षरातून काही उमगत नाही.

तुझा
मामा