घरचे पहिले वेल्डिंग मशीन

बागायतीच्या गेटाची बिजागरी तुटली किंवा पॉवर टिलरच्या लोखंडी चाकाची एक पट्टी सुटली, की ते धूड टेम्पोत घालून डिचोलीला नाहीतर पेडण्याला वर्कशॉपमध्ये न्यावे लागते. जोडायला दहा मिनिटे आणि जायला-यायला अर्धा दिवस. म्हणून लहानसे मशीन घरी असावे असे वाटणे साहजिक आहे. मात्र वर्षातून दोनदाच काम पडत असेल तर घेऊ नये. वर्कशॉपच स्वस्त पडेल.

नवशिक्याने इन्व्हर्टर जातीचे मशीन घ्यावे. जुने ट्रान्सफॉर्मरचे मशीन दणकट खरे, पण जड, आणि घरच्या विजेवर फार भार टाकणारे. इन्व्हर्टर हलका असतो, सिंगल फेजवर चालतो आणि त्यावर हात लवकर बसतो. डिचोली तालुक्यात खाणींच्या वर्कशॉपमध्ये काम केलेले वेल्डर आहेत. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या, पण त्यांचे कसब थांबलेले नाही. शिकायला त्यांच्याजवळ जरूर बसावे. मात्र ‘चारशे अँपिअरचेच घे’ असे कोणी सांगितले तर ते ऐकू नये. खाणीत थ्री फेज वीज होती आणि जोडायचे लोखंड डंपरचे. आपल्या गोठ्याचा अँगल तीन ते पाच मिलिमीटर जाडीचा. त्याला अडीच मिलिमीटरचा ६०१३ नंबरचा रॉड आणि ६० ते ९० अँपिअर करंट पुरतो. मशीनवर मोठ्या अक्षरांत छापलेल्या आकड्याला भुलू नये. मागची पट्टी वाचावी. तिथे १२० अँपिअरपुढे ६० टक्के लिहिले असेल, तर दहा मिनिटांत सहा मिनिटे काम आणि चार मिनिटे विश्रांती, असा त्याचा अर्थ.

आता खरा प्रश्न घरच्या विजेचा. अडीचचा रॉड ९० अँपिअरवर चालवला तर भिंतीतून सुमारे १५ अँपिअर ओढले जातात, म्हणजे १६ अँपिअरचा सॉकेट तेवढ्यातच भरला. सव्वातीनचा रॉड लावला की आकडा वीसच्या वर जातो. संध्याकाळी गावचे व्होल्टेज उतरले की मशीन आणखी ओढू लागते. म्हणून मीटरच्या बोर्डापासून चार चौरस मिलिमीटर तांब्याची वेगळी वायर, तिला स्वतःचा एमसीबी, आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घेतलेले, एवढे झाल्याशिवाय मशीन घरी आणू नये. पंख्याच्या बारीक एक्स्टेन्शनवर वेल्डिंग करणे म्हणजे भिंतीत विस्तव ठेवणे. जाड एक्स्टेन्शन वापरले तरी त्याची गुंडाळी पूर्ण सोडावी. गुंडाळीत वायर तापते.

रॉड लोखंडाला टेकलेला नसताना होल्डरवर साधारण ६० ते ८० व्होल्ट असतात. कोरड्या माणसाला त्याचे फारसे काही वाटत नाही, पण घामाने भिजलेल्या किंवा ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्याचा त्यात जीव जाऊ शकतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर सारेच ओले. तेव्हा कोरडी फळी पायाखाली, रबरी तळव्याचे बूट, कोरडे चामडी हातमोजे. पावसात उघड्यावर काम नाहीच.

मुखवटा पूर्ण चेहरा झाकणारा घ्यावा, काच दहा किंवा अकरा नंबरची. उन्हाचा चष्मा चालत नाही. वेल्डिंगचा उजेड पाहिलेल्याला त्या वेळी काही होत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू टाकल्यासारखे होते. मग कोणी दूध घालतो, कोणी टूथपेस्ट लावतो. काहीही घालू नये, सकाळी डॉक्टरांकडे जावे. डोळा बधिर करणारे थेंब दुकानातून आणून वारंवार घालू नयेत, जखम भरत नाही. पाहायला जमलेली मुले आधी दूर करावीत. त्यांच्या डोळ्यांवर काच नसते. कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे; टेरिलीन वितळून कातडीला चिकटते.

जीआय पाइपवरचा जस्ताचा मुलामा जोडण्याच्या जागी आधी घासून काढावा. त्याच्या धुराने काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो आणि घरचे मलेरिया समजतात. तो एक-दोन दिवसांत उतरतो, तरी डॉक्टरांना वेल्डिंग केल्याचे सांगावे. दूध प्याल्याने हा ताप टळतो ही समजूत खोटी. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक ठरवला, म्हणून कोणतेही काम उघड्या हवेत, वारा बाजूने घेऊन करावे. डिझेलचे वा औषधाचे रिकामे पिंप कधीही जोडायला घेऊ नये, धुतलेले असले तरी. गवताच्या कुडीजवळ किंवा मार्च-एप्रिलात काजूच्या डोंगरावर ठिणगी उडू देऊ नये. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबावे.

मशीन ग्राइंडरपासून लांब ठेवावे, नाहीतर पंखा लोखंडाची पूड आत ओढतो. रॉड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत; सरदलेला रॉड फडफडतो आणि जोड भोकाळ होतो. पहिले पाकीट भंगार पट्ट्यांवरच संपवावे. शिडी, मुलांचा झोपाळा आणि ट्रॉलीचा हूक मात्र पहिले वर्षभर वर्कशॉपलाच न्यावेत. नीट शिकायची इच्छा असलेल्या तरुणांनी पेडणे किंवा डिचोलीच्या सरकारी आयटीआयमध्ये चौकशी करावी.