झेब्राफिशच्या भ्रूणाचे ठोके कसे मोजावेत

धडधडणारे हृदय दाखवायचे म्हणून आपल्या महाविद्यालयांत वर्षानुवर्षे बेडूक कापले गेले. झेब्राफिशच्या भ्रूणावर सुरी चालवावी लागत नाही. तो पारदर्शक असतो, आईच्या शरीराबाहेर वाढतो आणि फलनानंतर साधारण 24 तासांनी त्याचे हृदय ठोके देऊ लागते.

अंगावर निळे पट्टे असलेला हा चिमुकला मासा मूळचा भारतीय उपखंडातल्या ओढ्यांतला आणि भातखाचरांतला. फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात 1822 मध्ये त्याची नोंद केली. त्याला आनुवंशिकीच्या प्रयोगशाळेत मानाचे स्थान मिळवून दिले ऑरेगन विद्यापीठातल्या जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी. त्यांचा गाजलेला शोधनिबंध 1981 चा. माणसाच्या सुमारे 70 टक्के जनुकांशी नाते सांगणारे किमान एक जनुक या माशात सापडते, हे 2013 मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा स्पष्ट झाले. त्याच्या हृदयाचा तुकडा कापला तरी ते काही आठवड्यांत पुन्हा भरून येते. आपल्याकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत या हृदयावर, तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या माशाच्या त्वचेवर काम झाले आहे.

पुढील कृती महाविद्यालयीन प्रयोगशाळेसाठी आहे. मासा पृष्ठवंशीय असल्याने सुरुवात संस्थेच्या प्राणी-नीती समितीकडे लेखी विचारणा करून करावी, खरेदी त्यानंतर.

मासे निवडताना माद्या पोटाने फुगीर आणि चंदेरी, नर सडपातळ आणि पिवळसर झाक असलेले, एवढी खूण पुरते. दुकानात भडक लाल-हिरवे चमकणारे मासे दिसले तर ते घेऊ नयेत. ते जनुकबदल केलेले असतात. नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवूनच ते टाकीत भरावे. पाणी 28 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे. दिवा 14 तास चालू आणि 10 तास बंद, ही वेळ टायमर लावून काटेकोर पाळावी, कारण हा मासा पहाटेच्या उजेडाबरोबर अंडी घालतो. पहिले एक-दोन आठवडे फक्त चांगले खाऊ घालावे, अंड्यांची घाई करू नये.

अंडी हवी असतील त्याच्या आदल्या संध्याकाळी लहान टाकीत नर आणि माद्या एकत्र आणाव्यात, पण मध्ये पारदर्शक पडदा ठेवावा. तळाशी जाळी बसवावी. जाळी नसेल तर काचेच्या गोट्यांचे दोन थर पसरावेत. हे टाळले तर आईबापच अंडी खाऊन टाकतात. सकाळी दिवा लागताच पडदा काढावा आणि अर्ध्या-पाऊण तासाने मासे मूळ टाकीत हलवावेत. उरलेले पाणी बारीक गाळणीतून ओतले की मोहरीएवढी पारदर्शक अंडी हाती लागतात. पडदा काढल्याची वेळ वहीत लिहावी. भ्रूणाचे वय तिथून मोजायचे आहे.

अंड्यांसाठीचे पाणी आधीच तयार असावे. एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात 17.4 ग्रॅम सोडियम क्लोराइड, 0.8 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, 2.9 ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड (दोन रेणू पाणी असलेले) आणि 4.9 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट (सात रेणू पाणी असलेले) विरघळवावे. हे झाले साठ पट दाट द्रावण. वापरताना त्यातले 16.5 मिलिलिटर घेऊन पाण्याने एक लिटर करावे. बुरशी रोखण्यासाठी मिथिलीन ब्लूचा अगदी फिका निळा रंग पुरे.

या पाण्यात अंडी धुऊन एका पेट्री डिशमध्ये पन्नासच्या आसपास ठेवावीत. जास्त कोंबली की वाढ मंदावते. डिश 28.5 अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवावी. हा आकडा मनचा नाही: जगभर वापरले जाणारे, 1995 मध्ये प्रसिद्ध झालेले भ्रूणाच्या टप्प्यांचे वेळापत्रक याच तापमानाचे आहे. तीन-चार तासांनी स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली पाहिले की फलित अंड्यात पेशींचा ढीग स्पष्ट दिसतो. पांढरी, अपारदर्शक झालेली अंडी ड्रॉपरने लगेच काढावीत, नाहीतर शेजारची अंडीही नासतात. दुसऱ्या दिवशी पाणी बदलावे.

मोजणी 48 तासांना करावी. तेव्हा काही पिल्ले कवचातून बाहेर आलेली असतात. उरलेल्यांचे कवच दोन बारीक चिमट्यांनी हलकेच फाडावे, पीतकाला टोक लागू देऊ नये. खोलगट स्लाइडवर तीन टक्के मिथिल सेल्युलोजच्या थेंबात भ्रूण कुशीवर ठेवला की तो स्थिर राहतो आणि भुलीचे औषध टाळता येते. हे महत्त्वाचे आहे, कारण भूल ठोक्यांवरच परिणाम करू शकते. डोळ्याच्या मागे, पीतकाच्या वरच्या कडेला दोन कप्प्यांचे हृदय आळीपाळीने आकुंचन पावताना दिसेल.

प्रत्येक भ्रूणाचे ठोके 15 सेकंद मोजून चारने गुणावे आणि असे तीनदा करावे. नजर चुकते, म्हणून मोबाइलवर चित्रण करून ते संथ गतीने पाहत मोजणे मला अधिक विश्वासार्ह वाटते. मिनिटाला 120 ते 180 ठोके अपेक्षित आहेत. उंदराचे हृदय मिनिटाला पाचशेहून अधिक ठोके देते. त्या मानाने हा आकडा माणसाच्या जवळचा आहे. औषधांचा हृदयावरील परिणाम तपासायला हा भ्रूण उपयोगी पडतो, त्याचे हे एक कारण.

आता ज्या चुकीने अख्खे तक्ते वाया जातात तिच्याविषयी. माशाला स्वतःची ऊब नसते. हिवाळ्यात डिश टेबलावर राहिली की ठोके मंदावतात, मायक्रोस्कोपच्या तापट दिव्याखाली ते वाढतात, आणि विद्यार्थी तो फरक ज्या द्रावणाचा परिणाम तपासायचा आहे त्याच्या माथी मारतात. म्हणून एका वेळी मोजके भ्रूण बाहेर काढावेत, दिवा थंड असावा, आणि साध्या पाण्यातले व चाचणी-द्रावणातले भ्रूण आलटून पालटून मोजावेत. प्रत्येक गटात किमान दहा भ्रूण हवेत. तापमान आणि वय न लिहिलेला आकडा शिक्षकाने स्वीकारू नये.

पाचव्या दिवसाच्या सुमारास पिल्ले स्वतः खाऊ लागतात. त्याआधीच प्रयोग थांबवावा आणि भ्रूणांचे पुढे काय करायचे ते समितीने मान्य केलेल्या पद्धतीनेच करावे. उरलेले मोठे मासे टाकीत नीट सांभाळा. ते किंवा त्यांची अंडी जवळच्या नदी-तळ्यात कधीही सोडू नका.