परड्यातली भाजी आणि घरचं बी



आपला राधानगरी तालुका म्हणजे पावसाचा मुलूख. मिरगात सुरू झालेला पाऊस गौरी-गणपतीपर्यंत उसंत देत नाही. तरी आपल्याकडे बऱ्याच घरांच्या मागं परडं असतं. त्यात शेवग्याचं एखादं झाड, अळूचं बेट, दोडक्याचा वेल असतो. बाकीची जागा मात्र गवतानं भरलेली, आणि भाजी बाजारातून येते. दहा हात लांब आणि पाच हात रुंद एवढी जागा मिळाली तरी घरापुरती बरीच भाजी पिकते. ती बियापासून कशी पिकवावी आणि पुढच्या सालासाठी बी कसं राखावं, ते या लेखात क्रमाने दिले आहे. बी राखण्याचा भाग सर्वांनी नीट वाचावा, कारण घराघरांतून तेच काम आता सुटत चालले आहे.

१) बियाची परीक्षा

बी वाळलेलं दिसतं, पण ते जिवंत असतं. त्याच्या पोटात इवलंसं रोप असतं आणि त्या रोपाची शिदोरीही असते. ओल लागली, कीड लागली किंवा बी फार जुनं झालं की जीव जातो. हे बाहेरून ओळखत नाही. म्हणून आधी २० बिया मोजून घ्याव्यात, ओल्या फडक्यात बांधाव्यात आणि फडकं रोज ओलं ठेवावं. घेवडा, भेंडी, काकडी यांना पाच-सहा दिवसांत मोड येतात. मिरची-वांग्याला दहा-बारा दिवस थांबावे लागते. आता आपले गणित करा. २० पैकी १६ बियांना मोड आले, तर उगवण १६ × १०० ÷ २० = ८० टक्के. हे बी चांगले. निम्म्याच बिया उगवल्या, तर पेरताना बी दुप्पट टाकावं.

२) वाफा आणि खत

आपल्या पावसात सपाट वाफ्यात पाणी तुंबतं आणि मुळं कुजतात. म्हणून वाफा वीतभर उंच करावा व भोवती चर काढावी. वेलाचं आळंही उंचवट्यावर करावं. जोराचा पाऊस तांबड्या मातीचा कस धुऊन नेतो. तो परत देण्यासाठी चांगलं कुजलेलं शेणखत मिसळावं. ताजं शेण घालू नये. त्यानं हुमणी वाढते आणि कोवळी मुळं पोळतात.

३) पेरणी

• बियाच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल बी पेरावं. फार खोल गेलं तर वर येईपर्यंत शिदोरी संपते.
• दुधी, दोडका, कारली, काकडी : बी रात्रभर भिजवून पावसाच्या तोंडाला आळ्यात टोचावं. एका आळ्यात तीन-चार बिया टोचाव्यात व पुढे जोमदार दोन रोपं ठेवावीत.
• मिरची, वांगी, टोमॅटो : आधी तरू टाकावा. चार-सहा आठवड्यांनी रोपं वीतभर झाली की संध्याकाळच्या वेळी लावावीत.
• मेथी, पोकळा, शेपू, कोथिंबीर : पाऊस ओसरल्यावर, दसऱ्याच्या पुढे. धणे रगडून दोन फाकी करूनच पेरावेत.

४) फुलं आली, पण फळ का धरत नाही?

दुधी, दोडका, काकडी, डांगर यांच्या एकाच वेलावर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी असतात. मादी फुलाच्या मागं इवलंसं फळ असतं. नर फुलाला नुसता देठ असतो. नर फुलातले पराग मधमाशी मादी फुलात नेते, तेव्हाच फळ धरतं. झडीच्या पावसात मधमाश्या बाहेर पडत नाहीत. मग मादी फुलं पिवळी पडून गळतात आणि आपण म्हणतो, दृष्ट लागली! अशा वेळी नर फूल तोडून त्याचा मधला भाग मादी फुलाच्या आत हलकेच टेकवावा. डांगर-काकडीची फुलं सकाळी उमलतात, दुधी-दोडक्याची संध्याकाळी. त्या त्या वेळी हे काम करावे.

५) फळझाडांचं बी

फळझाडांच्या बियांत दोन जाती लक्षात ठेवा. पपईचं बी राखेत चोळून बुळबुळीत आवरण काढलं आणि सुकवलं, तर ते काही महिने टिकतं. आंब्याची कोय आणि फणसाची आठळी यांचं उलट आहे. त्या वाळल्या की मरतात. म्हणून फळ खाल्ल्यावर थोड्याच दिवसांत लावाव्यात. आणखी एक गोष्ट. कोयीपासून आलेला आंबा बहुधा आईसारखा निघत नाही. तसाच हवा असेल तर कलम लावतात. पपईत नर झाडं व मादी झाडं वेगळी निघतात. म्हणून एका जागी तीन-चार रोपं लावावीत. फुलं आल्यावर मादी झाड ठेवावं, आणि साऱ्या झाडांत मिळून एखादा नर राखावा.

६) बी राखणे

दुकानातल्या पाकिटावर 'संकरित' असे लिहिलेले असते. हे बी दोन वेगळ्या वाणांपासून तयार करतात. पीक भरपूर येतं, यात खोटं नाही. पण त्याच फळाचं बी पुढच्या साली पेरलं, तर झाडं एकसारखी येत नाहीत. म्हणून ते दर साली विकत घ्यावं लागतं. गावरान बी मात्र नीट राखलं तर वर्षानुवर्षे चालतं.

यात सर्वांकडून एक चूक होते. चांगली फळं आपण खातो किंवा बाजारात पाठवतो, आणि शेवटी वेलावर राहिलेलं वेडंवाकडं फळ बियाला ठेवतो. असे चार-पाच साल केले की वाण हलका पडतो. मग "गावरानात आता काही राम राहिला नाही" असे आपणच म्हणतो. खरे म्हणजे ऐन बहरातलं, निरोगी वेलाचं, उत्तम फळ आधीच हेरावं, त्याला रंगीत चिंधी बांधावी आणि घरात सर्वांना सांगावं, याला हात लावू नका.

• दुधी, दोडका, भेंडी, घेवडा : वेलावरच वाळू द्यावेत. दुधी हलवला की आत बी खुळखुळतं.
• काकडी, वांगी : पिवळी होऊन पुरती पिकू द्यावीत.
• टोमॅटो : गर-बी भांड्यात दोन दिवस ठेवून मग धुवावं.
• बी सकाळच्या उन्हात वाळवावं, दुपारच्या कडक उन्हात नको. दातानं चावल्यावर कट्‌ असा आवाज आला की वाळलं.
• वाळलेलं बी राखेत मिसळून गाडग्यात भरावं आणि तोंड लिंपून टाकावं. बाटलीत ठेवायचे असेल, तर तळाशी भाजून थंड केलेले तांदूळ पुरचुंडीत घालावेत. ते ओल ओढून घेतात. वर नाव आणि साल लिहावं.

अहिल्यानगर जिल्ह्यात (पूर्वीचा अहमदनगर) अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे राहतात. त्यांना शाळेत जाता आले नाही. पण त्यांनी घेवडा, भात, पालेभाज्या यांचे अनेक गावरान वाण गोळा करून आपल्या घरीच बियाण्याची बँक उभी केली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. भारत सरकारने त्यांना २०२० सालचा पद्मश्री पुरस्कार दिला. पुरस्कार मिळाला तो गाडग्यात बी राखण्याच्या कामाला, हे ध्यानात घ्या. आपल्या आज्या हेच काम करत आल्या आहेत.

मिरची, टोमॅटो, पपई ही मूळची आपल्याकडची नव्हेत. ती अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या काळात आपल्याकडे आली. लोकांनी दर साली बी राखलं, म्हणून ती आपली झाली. याच्या उलटही होतं. एखाद्या घेवड्याचं बी एकाच घरी उरलं असेल आणि त्या घरी एक साल राखायचं राहिलं, तर तो वाण कायमचा जातो. मग तो कोणत्याही दुकानात मिळत नाही.

पालकांना विनंती : परड्यातला हातभर तुकडा मुलांच्या हाती द्यावा. घरात जुनं बी असेल तर त्याचं नाव मुलांना सांगावं. बी राखण्याचा व एकमेकांना देण्याचा शेतकऱ्यांचा हक्क २००१ सालच्या कायद्याने मान्य केला आहे.

करून पाहा

१. आजीला विचारून पूर्वी घरी असलेल्या पाच भाज्यांच्या वाणांची नावं लिहा. आज त्यांतील किती उरले?
२. घरच्या बियाची उगवण टक्केवारीत काढा.
३. ज्याच्याकडे जे बी जास्त आहे, त्यानं दहा बिया पुडीत बांधून वर्गात आणाव्यात. नेणाऱ्यानं पुढच्या साली वीस परत कराव्यात.