खणातला कॅमेरा आणि आतलं कार्ड

घरातल्या कपाटाच्या एखाद्या खणात २००० ते २००६ च्या सुमाराचा छोटा डिजिटल कॅमेरा पडून असेल, तर हे लिहिणं तुमच्यासाठी आहे. कॅमेरा चालतो की नाही ते नंतर बघा. आतलं कार्ड आधी बाहेर काढा आणि त्यावर काय आहे ते याच आठवड्यात पाहून घ्या. आमच्या घरात, नातेवाइकांत आणि मी शिकवत होते त्या शाळेतल्या सहकाऱ्यांत अशा कॅमेऱ्यांचं पुढे काय झालं ते मी जवळून पाहिलं आहे. कॅमेरा बिघडल्याचं दुःख कुणालाच फार दिवस राहिलं नाही. फोटो गेल्याचं मात्र अजून निघतं.

रोलचा कॅमेरा बंद पडला तरी निगेटिव्ह घरात राहायची. उजेडासमोर धरली की माणसं ओळखू यायची, आणि कुठल्याही स्टुडिओत तिच्यावरून पुन्हा कॉपी काढून मिळायची. कार्डावरच्या फोटोचं तसं नाही. तो दिसायला कार्ड शाबूत हवं, ते बसेल असा रीडर हवा आणि फाइल उघडणारं यंत्र हवं. यातलं एक जरी हातचं गेलं तरी फोटो असून नसल्यासारखा. सुरुवातीच्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या मालकांना हे त्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. दुकानात बोलणं व्हायचं ते मेगापिक्सेलचं आणि झूमचं.

आमच्याकडे असा कॅमेरा २००३ मध्ये आला. धाकटे दीर अमेरिकेतून घेऊन आले होते. ३.२ मेगापिक्सेल, म्हणजे सर्वांत मोठा फोटो २०४८ बाय १५३६ पिक्सेलचा, आणि खोक्यात सोबत १६ एमबीचं कार्ड. चांगल्या दर्जाचा एक फोटो एक एमबीच्या वर जायचा, त्यामुळे त्या कार्डावर दहा-बारा फोटो काढले की संपलं. त्या काळी कार्डं महाग होती, म्हणून असंख्य घरांत एकच उपाय झाला: आकार ६४० बाय ४८० वर आणायचा, की शंभरच्या वर फोटो मावतात. ते फोटो आज छापायला गेलं तर चांगल्या प्रतीत जेमतेम दोन इंच रुंदीचे निघतात. टिपलंच गेलं नाही ते नंतर कुठल्याही युक्तीने परत येत नाही. आज कुणी जुना कॅमेरा हातात घेणार असेल, तर पहिल्यांदा मेनूत जाऊन फोटोचा आकार सर्वांत मोठा करावा. बऱ्याच कॅमेऱ्यांत आधीच्या मालकाने तो लहान करून ठेवलेला सापडतो.

त्या कॅमेऱ्यावर सासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो काढले. त्यानंतरच्या पावसाळ्यात पडद्यावर आधी जांभळट छटा, मग आडव्या रेघा, आणि शेवटी नुसता काळोख. दुरुस्तीच्या दुकानात सांगितलं की दमट हवेने आतला बोर्ड गेला, तो बदलायचा तर नवा कॅमेरा घेतलेला बरा. दमटपणाची गोष्ट खरी होती, पण अर्धीच. २००५ च्या ऑक्टोबरात जपानमधल्या अनेक कॅमेरा कंपन्यांनी एकापाठोपाठ एक जाहीर केलं की त्यांच्या २००२ ते २००४ च्या सुमाराच्या बऱ्याच मॉडेलमध्ये सेन्सरचाच दोष आहे. सेन्सरच्या आतल्या बारीक तारांची जोडणी उष्ण आणि दमट हवेत सुटते, त्यामुळे चित्र विस्कटतं किंवा येतच नाही. मुदत संपलेली असली तरी दुरुस्ती फुकट करून देऊ, असंही त्यांनी सांगितलं. उष्ण आणि दमट म्हणजे आमच्या रत्नागिरीची बारा महिन्यांची हवा. पण परदेशातून कुणी आणून दिलेल्या कॅमेऱ्याच्या मालकापर्यंत अशी सूचना पोचणार कशी? आमच्यापर्यंत ती फार उशिरा आली.

यातून एक चाचणी मी शिकले आणि नंतर कितीतरी जणांना सांगितली. कॅमेरा फोटो काढताना रेघा दाखवत असेल, तर तो जुने फोटो बघायच्या मोडवर टाका. जुने फोटो स्वच्छ दिसले तर दोष सेन्सरमध्ये आहे. तेही खराब दिसले, पण कार्ड संगणकाला लावल्यावर ठीक निघाले, तर बिघाड पडद्याचा आहे. दोन्ही वेळा कार्डावरच्या फोटोंना धक्का लागलेला नसतो. आमच्या मेलेल्या कॅमेऱ्यातून सहस्रचंद्रदर्शनाचे सगळे फोटो सुखरूप निघाले. माझ्या एका सहकाऱ्यांच्या वाट्याला हे आलं नाही. कॅमेरा बंद पडला म्हणून त्यांनी तो एका दुकानाच्या जुन्याच्या बदल्यात नवा अशा योजनेत दिला. कार्ड आतच राहिलं आणि त्यावर मुलीचा पहिला वाढदिवस होता. बंद कॅमेरा म्हणजे रिकामा कॅमेरा नव्हे, हे त्या दुकानातल्या माणसानेही त्यांना सांगितलं नाही.

आता कार्डांविषयी, कारण खरी अडचण इथेच आहे. त्या वर्षांत प्रत्येक गटाचं कार्ड वेगळं होतं. कॉम्पॅक्टफ्लॅश १९९४ चं, जाडजूड. स्मार्टमीडिया पातळ पत्र्यासारखं, वर सोनेरी चौकट, आणि १२८ एमबीच्या पुढे ते कधी गेलंच नाही. सोनीची मेमरी स्टिक १९९८ ची. ऑलिंपस आणि फुजीफिल्मचं एक्सडी कार्ड २००२ चं. एसडी तेवढं टिकलं. आज बाजारात मिळणारा साधा रीडर एसडी वाचतो, थोडा शोध घेतला तर कॉम्पॅक्टफ्लॅशचाही मिळतो. एक्सडी आणि स्मार्टमीडियासाठी मात्र जुने अनेक खाचांचे रीडर हुडकावे लागतात आणि ते दरवर्षी कमी होत चालले आहेत. कॅमेरा तारेने संगणकाला जोडून काम होईल या भरवशावर राहू नका. कित्येक कॅमेऱ्यांच्या तारेचं टोक त्या कंपनीपुरतंच असायचं, आणि सोबतच्या सीडीवरचं सॉफ्टवेअर विंडोज ९८ किंवा एक्सपीसाठी होतं.

कार्ड रीडरमध्ये घालण्याआधी एसडी असेल तर बाजूची बारीक खिटी ‘लॉक’कडे सरकवा, म्हणजे संगणकाला त्यावर काही लिहिता येणार नाही. कॉम्पॅक्टफ्लॅश सरळ आणि हलक्या हाताने घाला. खाचेत पन्नास बारीक पिना असतात आणि एक जरी वाकली तरी काम थांबतं. स्मार्टमीडियाच्या सोनेरी भागाला बोट लावू नका. आणि संगणकाने ‘हे कार्ड फॉरमॅट करायचं का?’ असं विचारलं, तर उत्तर नाही. कितीही वेळा विचारलं तरी नाही. हा संदेश येतो तेव्हा बहुतेक वेळा कार्डाची अनुक्रमणिका बिघडलेली असते, फोटो जागच्या जागी असतात. चुकून पुसलेल्या फोटोंचंही तसंच आहे. जागा मोकळी झाल्याची फक्त नोंद होते, वर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत जुना फोटो तिथे असतो. म्हणून त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढायचा नाही. फोटोरेक नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. ते असे फोटो शोधून काढतं. सापडलेले फोटो त्याच कार्डावर न ठेवता संगणकाच्या डिस्कवर ठेवायचे, एवढं सांभाळा. हे घरी जमत नसेल तर संगणक शिकलेल्या एखाद्या मुलाला शेजारी बसवून करा, अवघड नाही.

फोटो उतरवताना एक धोका मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्यात काही बिघडल्याचं दिसतच नाही. कॅमेरा फोटोंना नावं देतो ती आकड्यांची, ०००१ पासून ९९९९ पर्यंत. कार्ड बदललं किंवा सेल बराच काळ काढून ठेवले, की कित्येक कॅमेरे पुन्हा ०००१ पासून मोजू लागतात. माझ्या मावसबहिणीकडे भाच्याच्या बारशाचे फोटो संगणकावर एका फोल्डरमध्ये होते. पुढच्या मे महिन्यातल्या सहलीचे फोटो त्याच फोल्डरमध्ये उतरवले. संगणकाने विचारलं, याच नावाची फाइल आहे, बदलू का? उतरवणाऱ्या मुलाने हो म्हटलं, आणि बारशाच्या जागी गुहागरचा समुद्र आला. कार्ड तर आधीच रिकामं केलेलं. तेव्हा प्रत्येक कार्डासाठी, प्रत्येक खेपेला नवा फोल्डर करा आणि त्याला माणसांनी ओळखावं असं नाव द्या. तारखेवर विसंबू नका. आतला घड्याळाचा बारीक सेल संपला की कॅमेरा स्वतःच्याच आरंभाच्या तारखेला परत जातो आणि २००४ च्या गणपतीवर २००० चा जानेवारी छापतो. फोटो कट करू नका, कॉपी करा. संगणकावर ते उघडून पाहिल्याशिवाय कार्ड मोकळं करू नका.

सेलबद्दल थोडक्यात. त्या कॅमेऱ्यांपैकी बरेचसे पेन्सिल सेलवर चालत आणि साधे सेल काही फोटोंतच मान टाकत, कारण फ्लॅश, पडदा आणि भिंगाची मोटर यांना एकदम जास्त विजेची ओढ लागते. निकेल मेटल हायड्राइडचे चार्ज होणारे सेल वापरा. कॅमेरा ठेवून देताना सेल काढून ठेवा. आत राहिलेला अल्कलाइन सेल गळतो आणि पट्ट्यांवर पांढरा थर धरतो. तो कापसाच्या काडीला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसता येतो, नंतर कोरडं करायचं. चपटी लिथियम बॅटरी फुगलेली दिसली तर तिला चार्जर लावू नका, ई-कचऱ्यात द्या.

अलीकडे कॉलेजातली मुलंमुली हे जुने कॅमेरे हौसेने शोधतात. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारातही त्यांची विचारणा होते. मला याचा आनंद आहे; त्या लहान सेन्सरच्या रंगांत गोडवा आहे आणि फोनपेक्षा जपून, विचार करून फोटो काढला जातो. पण घेताना दुकानातच सेल घालून तपासा. फोटो काढून मोठा करून बघा. भिंग दोन-चार वेळा आत-बाहेर करा. घरघर आली किंवा ते तिरकं अडलं तर घेऊ नका. समुद्रकाठची वाळू आणि विसर्जनाचा गुलाल या भिंगांच्या नळ्यांत जाऊन बसतो आणि ती मोटर फार नाजूक असते. टॉर्च मारून भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का पाहा. कार्ड कुठलं लागतं ते विचारा. स्मार्टमीडियाचा कॅमेरा कार्डासकट मिळत नसेल तर सोडून द्या. एसडीचा असेल तरी २००६ च्या आधीचा कॅमेरा सहसा २ जीबीच्या वरचं कार्ड ओळखत नाही, हेही ध्यानात असू द्या. आणि बिघडला म्हणून घरी स्क्रू काढून उघडायला जाऊ नका. फ्लॅशच्या आत सुमारे ३०० व्होल्टचा कपॅसिटर असतो आणि सेल काढल्यावरही तो बराच वेळ भरलेला राहू शकतो.

वापरताना सवय लावायची ती एका गोष्टीची. बटण दाबल्यावर हे कॅमेरे आधी फोकस साधतात, मग फोटो घेतात. लग्नात ‘शुभमंगल सावधान’ला बटण दाबलं तर फोटो येतो अंतरपाट बाजूला होऊन हार गळ्यात पडल्यानंतरचा. म्हणून बटण आधीच अर्धं दाबून धरा आणि क्षण आला की पूर्ण दाबा. गुलालात किंवा पावसात फ्लॅश मारला की फोटोत पांढरी वर्तुळं उमटतात. लहान कॅमेऱ्यात फ्लॅश भिंगाला चिकटून असल्यामुळे जवळच्या कणांवरचा उजेड थेट परत येतो, म्हणून तसं दिसतं. आमच्या भागात काही जणांनी तो दैवी संकेत मानून फोटो मोठे करून फ्रेम केले होते.

उतरवलेले फोटो कुठे ठेवायचे? सीडीवर असतील तर त्यांच्या कॉपी आजच करा. ऊन आणि उष्णतेने सीडीवरचा थर खराब होतो, आणि नव्या लॅपटॉपना सीडीची खाच राहिलेली नाही. एक कॉपी घरच्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या जवळच्या माणसाकडे ठेवा. दुसरं गाव मी मुद्दाम म्हणते. २०२१ च्या जुलैतल्या पुरात चिपळूणच्या घराघरांत पाणी शिरलं तेव्हा अल्बम, सीडी, संगणक, सगळं एकाच चिखलात गेलं. आमच्या तिथल्या नातेवाइकांचे जुने फोटो राहिले ते पुण्यातल्या मुलीकडे कॉपी होती म्हणून. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर तो लहान होतो आणि आतली तारीखही जाते, तेव्हा पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि फोल्डर तयार झाले की घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून फोटोतली माणसं विचारून लिहून घ्या. सासूबाईंच्या फोटोंत मागे उभ्या असलेल्या बायकांपैकी तिघींची नावं आता आमच्याकडे कुणालाच सांगता येत नाहीत.

शेवटी एक विनंती. तुमच्याकडे स्मार्टमीडिया किंवा एक्सडी कार्ड वाचणारा जुना रीडर चालू स्थितीत असेल, तर तो भंगारात देऊ नका. आपल्या गावातल्या वाचनालयात किंवा फोटो स्टुडिओत सांगून ठेवा की तो तुमच्याकडे आहे.