घरातलीच माणसे, घरातलेच नाटक

दूरचित्रवाणीच्या आरंभकाळात कार्यक्रम जपून ठेवण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. कलावंत कॅमेऱ्यापुढे बोलत आणि त्याच क्षणी त्यांचे चित्र घरोघरी उमटे. संवाद विसरला किंवा दार अडकले, तरी प्रसंग निभावून न्यावा लागे. हे कोणत्याही नटाला ठाऊक असते.

'मेरी के अँड जॉनी' ही अशीच एक मालिका. १८ नोव्हेंबर १९४७ रोजी न्यूयॉर्कच्या ड्यूमाँट संस्थेने तिचे प्रक्षेपण सुरू केले. भिलाईची पहिली झोतभट्टी पेटायला आणि दिल्लीत दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू व्हायला तेव्हा बारा वर्षे अवकाश होता. अमेरिकेतील ही पहिली कौटुंबिक विनोदी मालिका मानली जाते. ब्रिटनमध्ये मात्र बी.बी.सी.ने १९४६ सालीच तसा प्रयत्न केला होता.

मेरी के व जॉनी स्टर्न्स हे प्रत्यक्षातही पती-पत्नीच होते. मालिकेत त्यांनी आपली खरी नावेच ठेवली. जॉनी बँकेत नोकरी करणारा, काहीसा गंभीर गृहस्थ. पत्नी उत्साहाच्या भरात घोटाळे करून ठेवणारी. संहिता जॉनी स्वतः लिहीत असे. हा साचा फारसा नवा नव्हता. नवे होते ते त्याचे घरगुतीपण.

प्रेक्षक किती, हे कळावे कसे? १९४८ साली प्रायोजकाने, पत्र लिहिणाऱ्या पहिल्या २०० जणांना आरसा भेट देण्याचे जाहीर केले. सुमारे नऊ हजार पत्रे आली!

त्याच वर्षी मेरी के गरोदर राहिली. ती गोष्ट लपविणे अशक्य झाले, तेव्हा जॉनीने ती कथानकातच घेतली. १९ डिसेंबरला मुलगा झाला आणि महिन्याच्या आतच तो मालिकेत दाखल झाला. चार वर्षांनी 'आय लव्ह लूसी'मध्ये असाच प्रसंग आला तेव्हा 'गरोदर' हा शब्दही उच्चारायची चोरी होती. तरीही लोकांच्या स्मरणात राहिली ती लूसीच. याचे मोठे कारण तांत्रिक आहे. लूसीची मालिका फिल्मवर चित्रित होत असे, म्हणून पुनःपुन्हा दाखविता आली.

मेरी के व जॉनीची मालिका मार्च १९५० मध्ये संपली. पहिल्या वर्षाचे प्रयोग बहुतेक हवेतच विरले. पुढे पडद्यावरचे चित्र कॅमेऱ्याने फिल्मवर उतरवून घेण्याची पद्धत आली. पण त्या फिल्मचेही फारसे काही उरले नाही. १९४९ चा एक भाग न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात आहे. बाकीची हकीकत उतारवयात त्या दांपत्याने दिलेल्या मुलाखतीतून कळते. जॉनी २००१ साली वारला, मेरी के २०१८ साली.