पांडुरंग ऐकतो काय?

आजचा पाठ एका बाईच्या प्रश्नावर आहे. तिला मी दिलेले उत्तर चुकले, म्हणून तो मांडतो.

सन २०१७ च्या आषाढी वारीत अकलूजच्या मुक्कामी कीर्तन आटोपून मी विणेकऱ्याशी बोलत उभा होतो. एक माळकरी बाई पाया पडली नि म्हणाली, "महाराज, एकवीस वर्सं वारी केली. पोराच्या दुखण्यात रात्रंदिस इठ्ठलाला हाक मारली. पोर गेलं. देवाला ऐकू येतं का हो?"

मी पाठशाळेत शिकलेला माणूस. उत्तर जिभेवर तयार होते. म्हणालो, "माउली, प्रारब्ध भोगूनच संपते." बाई काही बोलली नाही. तुळशीवृंदावन डोक्यावर घेतले आणि निघून गेली. वाक्य शास्त्राला धरून होते खरे. पण भुकेल्याला पाकशास्त्र वाचून दाखवावे तसे ते झाले.

पुढे २०२१ च्या चैत्रात माझा धाकटा भाऊ करोनाने दवाखान्यात पडला. बाहेर ओट्यावर बसून मी अकरा दिवस नामस्मरण केले. भाऊ गेला. एका स्नेह्याने मला तेच प्रारब्धाचे वाक्य ऐकवले, तेव्हा त्या बाईचे मौन मला कळले. त्या साली पायी वारी बंद होती, पादुका एस.टी.च्या गाडीने पंढरीस गेल्या. घरी बसून मी पोथी पुन्हा उघडली.

पहिली शंका अशी, की देवाजवळ मागावे की मागू नये? निष्काम भक्ती श्रेष्ठ, म्हणून संकटात मागणे हलके, असे कित्येक म्हणतात. गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी भक्त चार प्रकारचे सांगितले: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. ज्ञानी त्यांना विशेष प्रिय खरा. तरी चौघांनाही त्यांनी उदारच म्हटले आहे. आणि यादीत पहिले नाव कोणाचे? आर्ताचे! तेव्हा लेकरासाठी आक्रोश करणारी आई भक्तीत कमी पडत नाही. मागावे, खुशाल मागावे. लेकरू आईपाशी शब्द जुळवून मागते काय?

दुसरी शंका अशी, की मग मागितलेले मिळत का नाही? आपली भक्ती उणी पडली काय? यास प्रमाण तुकोबांचे चरित्र. सन १६३० च्या सुमारास दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. देहूचे हे घर महाजनांचे, आणि विठ्ठलाची उपासना त्या घराण्यात विश्वंभरबाबांपासून चालत आलेली. तरी अन्नावाचून पहिली पत्नी रखमाबाई गेली, मुलगा संतू गेला, व्यापाराचे दिवाळे वाजले. भक्ती उणी म्हणून दुःख, असा हिशेब मांडाल तर तो तुकोबांच्या उंबऱ्याशीच चुकतो. म्हणून दुःखिताला "तुझंच काही चुकलं असेल" असे म्हणणे हा अपराध आहे, हे पक्के ध्यानी घ्यावे.

बरे, मग देवाने उत्तर दिले की नाही? तुकोबांनी पुढे काय केले ते पाहा. भंगलेले देऊळ त्यांनी नीट केले. परंपरा सांगते, की सावकारीच्या खतांतला धाकट्या भावाचा, कान्होबांचा, वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली. ज्याने घरात भूक पाहिली, त्याला भुकेल्याकडून वसुली करवेना. दुष्काळ पडला ते बरे झाले, असे मी म्हणणार नाही. रखमाबाई काही परत आल्या नाहीत. पण दुःखाने मन दगड व्हायला बघते, ते मऊ ठेवण्याचे बळ नामाने येते. माझ्या समजुतीप्रमाणे प्रार्थनेचे उत्तर तिथे शोधावे. आणि पुष्कळदा एकाच्या हाकेला देव दुसऱ्याच्या हातांनी ओ देतो. देहूच्या कर्जदारांची हाक तुकोबांच्या हातांनी ऐकली गेली.

दुःखाचा अर्थ ज्याचा त्यानेच शोधायचा असतो. इतरांनी तो सांगू नये. इतरांनी शेजारी बसावे, भाकरी आणून द्यावी, औषधाला चार पैसे द्यावेत. अकलूजला देवाचा हात व्हायची वेळ आली होती, तिथे मी देवाचा वकील झालो!

त्या बाईचे नावगाव मी विचारले नाही, ही रुखरुख आहे. आता कीर्तनानंतर कोणी रडत आले तर मी आधी खाली बसतो नि विचारतो, "लेकराचं नाव काय होतं?" मग बराच वेळ नुसते ऐकतो.

येत्या वारीत तुमच्या दिंडीत कोणी गप्प गप्प चालताना दिसले, तर त्याच्या खांद्यावरची वळकटी थोडा वेळ आपल्या खांद्यावर घ्या. रात्री त्याने पांडुरंगाला मारलेल्या हाकेची ओ कदाचित तीच असेल.

रामकृष्णहरि.