लाल गराचा पेरू, लायकोपीन आणि पेशींचे संरक्षण

बंगळूरू शहराच्या वायव्येस अर्कावती नदीवर १८९४ मध्ये बांधलेला हेसरघट्टा तलाव आहे. त्याच परिसरात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्था १९६७ पासून कार्यरत आहे. संस्थेच्या वाणांच्या नावाआधी लागणारा 'अर्का' हा शब्द या नदीवरूनच आला. या मालिकेतील 'अर्का किरण' हा पेरूचा संकर 'कामसरी' व 'पर्पल लोकल' यांच्यापासून तयार करण्यात आला. फळ कापले की आतील गर गडद लाल दिसतो. विद्राव्य घटकांचे प्रमाण १२ ते १३ अंश ब्रिक्स असून १०० ग्रॅम गरात ७.१४ मिलिग्रॅम लायकोपीन असल्याची संस्थेची नोंद आहे. ताज्या टोमॅटोत हेच प्रमाण साधारणतः ३ मिलिग्रॅमच्या आसपास असते.

महाराष्ट्राच्या पेरू बागायतीचा पाया मात्र पांढऱ्या गरावर उभा आहे. 'सरदार' ऊर्फ लखनौ-४९ या वाणाची निवड पुण्याच्या गणेशखिंड येथील फळ संशोधन केंद्रात १९२७ मध्ये झाली आणि पुढे अनेक दशके त्यानेच बाजार सांभाळला. अलीकडे गुलाबी व लाल गराच्या वाणांची लागवड वाढू लागली, तशी विक्रीची भाषाही बदलली. 'अँटिऑक्सिडंटयुक्त' हा शब्द फळाच्या खोक्यावर आला आणि त्यापाठोपाठ 'कर्करोगावर गुणकारी', 'मधुमेह बरा करणारा' अशी वाक्येही येऊ लागली. शेतकरी कृषी सहायकाला विचारतो, 'यात खरे किती?' या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी पेशीत नेमके काय घडते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

पेशीतील खवटपणा

शेंगदाणे बरणीत फार दिवस राहिले, तर खवट होतात. त्यांतील असंतृप्त मेदाम्लांवर ऑक्सिजनची क्रिया होते, एक रेणू बिघडला की तो शेजारच्या रेणूतील हायड्रोजन ओढून घेतो, मग तोही बिघडतो आणि साखळी पुढे सरकत राहते. सजीव पेशीचे पटलही अशाच मेदाम्लांनी बनलेले असते. त्यामुळे खवटपणाची ही क्रिया पेशीतही घडू शकते. फरक इतकाच की बरणीतील शेंगदाण्याला स्वतःची डागडुजी करता येत नाही, जिवंत पेशीला येते.

पेशी अन्नापासून ऊर्जा मिळवते ती तंतुकणिकेत. तेथे इलेक्ट्रॉनांचा प्रवास चालू असताना काही इलेक्ट्रॉन वाटेतच निसटतात आणि ऑक्सिजनला चिकटून सुपरऑक्साइड हे मुक्त मूलक तयार होते. त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड व पुढे लोहाच्या सान्निध्यात अतिशय विध्वंसक असे हायड्रॉक्सिल मूलक बनू शकते. ते मेद, प्रथिने व डीएनए यांपैकी जे समोर येईल त्यावर आघात करते. तंबाखूचा धूर, अतिनील किरण आणि दीर्घकाळ चालणारा दाह यांमुळे हा भार वाढतो.

याविरुद्ध पहिली फळी आहाराची नसून पेशीची स्वतःची आहे. सुपरऑक्साइड डिसम्युटेज या विकराचे कार्य १९६९ मध्ये स्पष्ट झाले. ते सुपरऑक्साइडचे रूपांतर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये करते आणि कॅटालेज हे दुसरे विकर त्याचे पाणी व ऑक्सिजन बनवते. या विकरांना तांबे, जस्त, मँगनीज व लोह ही खनिजे लागतात. सूक्ष्म अन्नद्रव्यांची कमतरता केवळ पिकालाच नव्हे, खाणाऱ्यालाही भोवते ती अशी.

आहारातून येणारे घटक या व्यवस्थेला पूरक ठरतात. जीवनसत्त्व ई पेशीपटलात राहून खवटपणाची साखळी तोडते, पण त्या प्रयत्नात ते स्वतः निकामी होते. पाण्यात विरघळणारे जीवनसत्त्व क त्याला पुन्हा कार्यक्षम करते. लायकोपीनचे काम थोडे निराळे आहे. त्याच्या लांब रेणूत एकाआड एक असे ११ दुहेरी बंध असतात. त्यांमुळेच ते प्रकाशातील हिरवा-निळा भाग शोषते व लाल दिसते आणि त्यांमुळेच सिंग्लेट ऑक्सिजन या उत्तेजित ऑक्सिजनची ऊर्जा ते स्वतःकडे घेऊन उष्णतेच्या रूपात सोडून देते. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या कामात लायकोपीन बीटा कॅरोटीनच्या सुमारे दुप्पट प्रभावी आढळले. मात्र हा प्रयोग परीक्षानळीतील होता, हे ध्यानात ठेवावे.

वनस्पती हे पदार्थ माणसासाठी तयार करीत नाही. पानात पडणारा जास्तीचा प्रकाश हरितलवकाला जाळू नये म्हणून कॅरोटीनवर्गीय रंगद्रव्ये तेथे असतात. फळातील रंग प्राणी-पक्ष्यांना बोलावतो व बीजप्रसार घडवतो.

बागेपासून ताटापर्यंत

वाणाच्या माहितीपत्रकातील आकडा म्हणजे प्रत्येक फळातील हमी नव्हे. पावसाळ्यात तयार होणारी आंबे बहाराची फळे पाणचट असतात. मृग बहाराची, हिवाळ्यात येणारी फळे चवीला व जीवनसत्त्व क या दोन्ही बाबतींत सरस ठरतात. टोमॅटोत तर तापमानाचा परिणाम डोळ्यांनी दिसतो. तापमान ३० अंश सेल्सिअसच्या वर राहिले की लायकोपीनची निर्मिती मंदावते, बीटा कॅरोटीनची मात्र चालू राहते. म्हणून भर उन्हाळ्यातील टोमॅटो लाल होण्याऐवजी पिवळट-नारिंगी राहतो. शेतकरी याचा दोष अनेकदा बियाण्याला देतात.

पेरूत जीवनसत्त्व क सालीत व सालीलगतच्या गरात सर्वाधिक असून आतील भागाकडे ते कमी होत जाते. त्यामुळे पेरू सोलून खाणे म्हणजे सर्वोत्तम भाग टाकून देणे होय. फळ पूर्ण वाढलेले पण टणक असताना काढावे. अतिपक्व झाल्यावर हे जीवनसत्त्व घटू लागते. तोडणी सकाळी करावी, माल सावलीत ठेवावा आणि आपटू देऊ नये. दबलेल्या जागी पेशी फुटतात, फिनॉल व ऑक्सिडेज विकरे एकत्र येतात आणि तो भाग तपकिरी पडतो. जो पदार्थ खाणाऱ्याच्या पेशीसाठी राखायचा, तो खोक्यातच खर्ची पडतो. शीतगृह उपयोगी आहे, परंतु हिरवट फळे सुमारे ८ अंशांखाली दीर्घकाळ ठेवल्यास शीत-इजा होऊन ती नीट पिकत नाहीत.

लायकोपीन मेदात विरघळते. आहारात थोडे तेल असल्यास ते अधिक शोषले जाते, तर शिजवल्याने ते वनस्पतीपेशीतून सहज मोकळे होते. जीवनसत्त्व क उष्णतेने नाश पावते. म्हणजे एकाच फळातील दोन गुणांच्या वाटा वेगळ्या आहेत. कच्चा पेरू एकासाठी, तर तेलाच्या फोडणीची पेरूची भाजी दुसऱ्यासाठी अधिक योग्य. फोडणी वरून घातलेली कोशिंबीर दोन्हींचा बराचसा मेळ घालते, हे घरोघरी चालत आलेले तंत्र पोषणशास्त्राच्या कसोटीवरही उतरते.

वाणांच्या शोधाबाबत एक उदाहरण येथे द्यायला हवे. कर्नाटकातील तुमकूरू जिल्ह्यात चेळूर येथील एका शेतकऱ्याच्या शेतात तांब्यासारख्या लाल गऱ्यांचे, सरासरी सुमारे अडीच किलो वजनाचे फळ देणारे फणसाचे झाड होते. हेसरघट्ट्याच्या संस्थेने त्याचे परीक्षण केले, ते 'सिद्दू' या नावाने पुढे आणले आणि कलमांच्या विक्रीतील वाटा त्या शेतकऱ्याला मिळेल असा करार केला. कोकणातील परसात वेगळ्या रंगाच्या गऱ्यांचा फणस आढळला, तर तो तोडण्यापूर्वी त्याची नोंद करून नमुना कृषी विद्यापीठाकडे पाठवणे हे विस्तार कार्यकर्त्याचे काम आहे.

दावा कोठे थांबावा

१९८० च्या दशकात फळे-भाज्या भरपूर खाणाऱ्यांत काही कर्करोगांचे प्रमाण कमी असल्याचे निरीक्षण होते. त्यावरून तर्क झाला की बीटा कॅरोटीनच्या गोळ्या दिल्यास कर्करोग टळेल. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर ही चाचणी घेण्यात आली. १९९४ मध्ये निष्कर्ष आला तेव्हा दिवसाला २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेतील अशाच चाचणीत हे प्रमाण २८ टक्के अधिक दिसले आणि १९९६ च्या प्रारंभी ती मुदतीपूर्वी थांबवावी लागली. फळात जो घटक निरुपद्रवी, तोच मोठ्या मात्रेत, एकटा व धुराने पोळलेल्या फुप्फुसात उलटा वागला.

यातून फळाचे महत्त्व कमी होत नाही. पेशीला मुक्त मूलकांची थोडी गरजही असते. पांढऱ्या रक्तपेशी त्यांच्याच साहाय्याने जंतू मारतात. जितके अधिक अँटिऑक्सिडंट तितके अधिक आरोग्य, हे गणित म्हणूनच बरोबर नाही. परीक्षानळीतील अँटिऑक्सिडंट क्षमतेचे आकडे जाहिरातीत सर्रास वापरले जाऊ लागल्याने अमेरिकेच्या कृषी विभागाने आपला तसा तक्ता २०१२ मध्ये मागे घेतला. मेथी, शेवगा, आवळा, नाचणी, पेरू असे विविध अन्न आणि जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्यांची मात्रा हाच आजवर टिकलेला सल्ला आहे.

शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी याचा थेट अर्थ आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात व दावेविषयक विनियमांनुसार अन्नपदार्थ रोग टाळतो किंवा बरा करतो, असा दावा विशेष परवानगीविना करता येत नाही. 'कर्करोगावर गुणकारी' ही ओळ लेबलवरून काढणेच श्रेयस्कर. मधुमेह्याने ती वाचून औषध बंद केले, तर होणारी हानी कोणत्याही विक्रीने भरून निघणारी नाही.

सांगण्याजोगे खरेही पुष्कळ आहे. १०० ग्रॅम पेरूत साधारणतः २०० मिलिग्रॅमच्या आसपास जीवनसत्त्व क असते आणि प्रौढ पुरुषाची दैनिक शिफारस ८० मिलिग्रॅमची आहे. एक मध्यम फळ ती सहज भागवते. लायकोपीनचा आकडा छापायचा असल्यास माहितीपत्रकातील न घेता आपल्याच बागेतील, त्याच बहारातील फळांचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. नमुना एका झाडाचा नसावा. बागेच्या चारही बाजूंची व मधली, सारख्या पक्वतेची फळे एकत्र करून, थंड पेटीतून त्याच दिवशी पाठवावीत आणि अहवालासोबत वाण, बहार व तोडणीची तारीख नोंदवून ठेवावी.